शाळेच्या आरोग्य-कार्डावर मामाचा एक रकाना हवा

प्रति,
मा. आयुक्त,
नवी मुंबई महानगरपालिका,
सीबीडी बेलापूर.



मागणी दोन ओळींची आहे, म्हणून ती आधी सांगते. महापालिकेच्या शाळांतल्या पाचवीच्या सगळ्या मुलामुलींची रंगदृष्टी तपासावी, आणि त्यांच्या आरोग्य-कार्डावर आईच्या भावांची, म्हणजे मामांची, तब्येत विचारणारा एक रकाना घालावा. पहिल्या मागणीवर कुणी हरकत घेणार नाही. दुसरी वाचून आपल्या कार्यालयात कुणीतरी हसेल. हसू द्या. जास्त महत्त्वाची दुसरीच आहे आणि पत्र लांबले आहे तेही तिच्यापायीच.

मी नेरूळला राहते. कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले. आमच्या भागातल्या मुलांना समुद्राचे वेड लागते ते उगाच नाही. करावे गावाला लागून ‘टी. एस. चाणक्य’ आहे. १९२७ सालच्या ‘डफरिन’ जहाजापासून चालत आलेली दर्यावर्दी अधिकारी घडवण्याची परंपरा १९९३ पासून तिथे नांदते आहे. पांढऱ्या कडक इस्त्रीच्या गणवेशातली पोरे स्टेशनवर दिसली की सातवी-आठवीतले वळून वळून बघतात, आणि घरी जाऊन ‘मर्चंट नेव्ही’ हे दोन शब्द आईबापांसमोर ठेवतात.

आमच्या इमारतीतला एक मुलगा त्यातलाच. दोन वर्षे क्लास लावला, कर्ज काढायचे ठरले, प्रवेशपरीक्षाही बरी गेली. मग वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी ठिपक्यांची पुस्तिका पुढे केली. जपानी नेत्रतज्ज्ञ इशिहारा यांनी १९१७ साली केलेली ती पाने आजही जगभर तशीच वापरतात. त्यातल्या एका पानावर नीट रंग दिसणाऱ्याला ७४ हा आकडा दिसतो. लाल-हिरव्यात गोंधळ असणाऱ्याला त्याच ठिपक्यांत २१ दिसतो. मुलगा ठामपणे “एकवीस” म्हणाला. त्याला धूसर दिसले नव्हते, तो अडखळलाही नव्हता. स्वच्छ एकवीस दिसले. सतरा वर्षे तो असेच जग बघत आला होता आणि त्यात काही उणे आहे हे त्याला कळायचा प्रसंगच आला नव्हता. खाडीवरचे फ्लेमिंगो त्याला राखी वाटतात. सगळे जण त्यांना गुलाबी म्हणतात ही त्याच्या मते बोलायची पद्धत होती.

घरी काय झाले असेल ते आपणही ओळखाल. “आमच्या घराण्यात असले काही नाही,” हे पहिले वाक्य वडिलांकडून आले. दुसरे आजीकडून, सुनेकडे बघून. मुलाची आई माझ्याकडे आली तेव्हा ती रडत नव्हती, चिडली होती. मी तिला एवढेच विचारले, “तुझा भाऊ आंबे कसे निवडतो गं?” ती थांबली. मग म्हणाली, दादा आढीतला आंबा रंगावरून कधीच उचलत नाही, हुंगून आणि दाबून बघतो, आणि घरात याचे सगळ्यांना केवढे कौतुक! त्या दादाला मग व्हिडिओ कॉलवर तेच पान दाखवले. मोबाइलच्या पडद्यावरची तपासणी खात्रीची नसते, पण त्यानेही एकवीसच सांगितले.

आयुक्त महोदय, हे घराण्याचे गणित कसे चालते ते थोडक्यात मांडते, कारण मागणीचा सगळा भार त्याच्यावर आहे.

बाईच्या पेशीत एक्स गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, पुरुषाच्या पेशीत एक एक्स आणि एक छोटे वाय. वायवर जनुके मोजकीच. एक्सवर मात्र आठशेहून जास्त, आणि त्यांतल्या बहुतेकांचा पुरुष असण्या-नसण्याशी काडीचाही संबंध नाही. डोळ्यांत लाल आणि हिरवा प्रकाश टिपणाऱ्या रंजकद्रव्यांची जनुके तिथे आहेत, रक्त गोठवणाऱ्या एका घटकाचे जनुक तिथे आहे, स्नायूंना बळकटी देणाऱ्या एका प्रथिनाचेही. एखाद्या एक्सवर असे जनुक बिघडलेले असेल तर बाईकडे दुसरी प्रत असते आणि बहुतेक वेळा तिचे निभावते. पुरुषाकडे दुसरी प्रतच नाही. त्याच्याकडे जे आहे ते दिसते.

आता मुलाला एक्स मिळतो तो फक्त आईकडून, वडिलांकडून मिळतो वाय. म्हणून रंगांध बापाचा मुलगा त्याच्या बापामुळे रंगांध होत नाही, होऊच शकत नाही. रंगांध बापाच्या प्रत्येक मुलीला मात्र त्याचा तो एक्स मिळतोच, कारण द्यायला त्याच्याकडे दुसरा नाही. ती मुलगी रंग नीट ओळखते, पण वाहक असते. तिच्या प्रत्येक मुलाला तो एक्स मिळण्याची शक्यता निम्मी. आजोबांकडून नातवाकडे, मध्ये लेक. स्वित्झर्लंडच्या होर्नर नावाच्या नेत्रतज्ज्ञाने १८७६ साली रंगांधत्वाची ही वाट घराण्यांचे तक्ते काढून दाखवली, तेव्हा एक्स हा शब्दही कुणाला माहीत नव्हता.

म्हणजे मुलातल्या अशा गुणाचा माग काढायचा तर बघायचे कुणाकडे? काका, आत्या, वडिलांकडचे आजोबा ही सगळी आपल्या फॉर्मवरची आवडती मंडळी इथे निरुपयोगी आहेत. आईकडे बघून कळत नाही, कारण तिच्यात ते झाकलेले. आईचे वडील अनेकदा हयात नसतात. उरतो मामा. आईला ज्या आईकडून एक्स मिळाला, तिच्याकडूनच त्यालाही मिळाला आणि त्याच्यात झाकायला काही नाही. मी पाहिलेल्या शाळांच्या कार्डांवर वडिलांचे नाव, वडिलांचा व्यवसाय, घरात कुणाला मधुमेह किंवा रक्तदाब आहे का, असे सगळे होते. मामा कुठेच नव्हता. लग्नात मुलीमागे उभा राहणारा, बारशापासून बोलावणे जाणारा हा माणूस सरकारी कागदावर मात्र गैरहजर आहे.

फक्त रंगांचा प्रश्न असता तर मी रकान्याचा हट्ट धरला नसता, ठिपक्यांची पुस्तिका पुरेशी होती. पण एक्सच्या लांब बाहूच्या अगदी टोकाला, ज्या पट्ट्यात लाल-हिरव्याची जनुके आहेत, त्याच पट्ट्यात हिमोफिलिया ‘ए’चे जनुक आहे आणि जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराचेही. एकाच मजल्यावरचे शेजारी म्हणा ना. काही घराण्यांत रंगांधत्व आणि हिमोफिलिया हातात हात घालून पिढ्यान्‌पिढ्या चालतात हे १९३७ साली ज्युलिया बेल आणि जे. बी. एस. हाल्डेन यांनी दाखवले. दोन मानवी जनुके एका गुणसूत्रावर जवळजवळ आहेत हे त्यामुळे पहिल्यांदा आकड्यांत सिद्ध झाले. हेच हाल्डेन पुढे १९५७ साली भारतात आले, इथलेच नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. आपल्याकडे त्यांचे नाव विज्ञानाच्या पुस्तकाबाहेर फारसे निघत नाही, ते असो.

हिमोफिलिया ‘ए’ जन्मणाऱ्या साधारण पाच हजार मुलांमागे एकाला असतो. अशा मुलाचे रक्त जास्त जोरात वाहत नाही, ते थांबत नाही. रांगायला लागल्यावर अंगावर काळेनिळे डाग, मग गुडघ्यात सूज. पडला असेल, लचकले असेल, म्हणून तेल चोळले जाते, मालिश करणाऱ्याकडे नेले जाते. आत सांध्यात रक्त साठत असते आणि दर वेळी सांधा थोडा थोडा झिजतो. आता कल्पना करा, शाळेत दातांचे शिबिर आहे, किडलेली दाढ काढायची ठरली आहे आणि डॉक्टरांच्या हातात कार्ड आहे. त्यावर जर लिहिलेले असेल की ‘मामा लहानपणी दात काढल्यावर रक्त न थांबून दगावला’, तर कुठलाही डॉक्टर चिमटा खाली ठेवेल आणि आधी रक्ततपासणी सांगेल. या एका ओळीला खर्च शाईचा.

जी-सिक्स-पीडीचे तर आपल्या शहराशी थेट नाते आहे. या विकराची कमतरता भारतात पहिल्यांदा नोंदली गेली ती मुंबईतच, १९६१ साली, आणि पारशी समाजात तिचे प्रमाण बरेच आढळते. एरवी अशा माणसाला काही होत नाही. पण व्हायवॅक्स प्रकारच्या मलेरियात यकृतात लपलेले जंतू मारायला चौदा दिवस प्रायमाक्विन देतात आणि या लोकांत ते औषध तांबड्या पेशी फोडू शकते. लघवी काळपट होते, कावीळ दिसते, रक्त झपाट्याने उतरते. बांधकामांच्या आणि खाडीकाठच्या या शहरात पावसाळ्यात फवारणी आणि रक्ताचे नमुने यांत आपल्या आरोग्य खात्याचा किती वेळ जातो ते मी आपल्याला सांगायला नको. ‘मामाला मलेरियाच्या गोळ्यांनी लघवी काळी झाली होती’ हे वाक्य त्या वेळी केवढे मोलाचे ठरेल!

तिसरा आजार ड्युशेन, म्हणजे स्नायूंचा क्षय, एक्सच्या दुसऱ्या, आखूड बाहूवरचा. मुलगा चार-पाच वर्षांचा होतो, पोटऱ्या भरदार दिसतात म्हणून आजी खूश असते, आणि तो जमिनीवरून उठताना स्वतःच्याच गुडघ्यांवर, मांड्यांवर हात टेकत टेकत उभा राहतो. जिना चढताना मागे पडतो. शाळेत त्याला आळशी म्हणतात. मामा तरुणपणी खाटेला खिळून गेला असेल तर घरातले त्याचे नाव घेत नाहीत, आणि नाव न घेतल्यामुळेच धाकट्या बहिणीच्या लग्नानंतर तोच प्रकार पुन्हा घडतो. हिमोफिलिया आणि स्नायूंचा हा क्षय, दोन्ही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत आहेत, म्हणजे लवकर ओळख पटली तर प्रमाणपत्र, सवलती, उपचारांची वाट लवकर मोकळी होते.

इथे दोन खुलासे करायलाच हवेत. रकाना कोरा म्हणजे मूल सुरक्षित, असे नाही. हिमोफिलियाच्या साधारण एक तृतीयांश घरांत आधी कुणालाच काही नसते, बदल नव्यानेच घडलेला असतो. आणि ‘वाहक’ बाईला काहीच होत नाही, हेही अर्धसत्य. बाईच्या प्रत्येक पेशीत दोनांपैकी एक एक्स गप्प केलेला असतो. कुठला, ते नशिबावर. मेरी लायन यांनी १९६१ साली हे मांडले. ज्या बाईच्या जास्त पेशींत चांगला एक्स गप्प बसला, तिला पाळीत अतोनात रक्तस्राव होतो, बाळंतपणात धोका असतो, आणि ‘बायकांना होतंच असं’ म्हणून तिची बोळवण होते. मामाचा रकाना भाच्यासाठी आहे तितकाच त्याच्या आईसाठीही आहे.

महाराष्ट्रात तर मामाचे नाव आणखी एका कारणाने विचारले पाहिजे. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडच्या अनेक जातींत आहे. इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेव्यवस्थेवरच्या १९५३ च्या ग्रंथात तिचा परामर्श घेतला आहे. आता बघा. मुलगा रंगांध, मामा रंगांध. मामाची मुलगी हमखास वाहक. त्यांचे लग्न झाले तर दर बाळंतपणात मुलगाच काय, मुलगीसुद्धा रंगांध असण्याची शक्यता निम्मी. बाहेरच्या, वाहक नसलेल्या मुलीशी लग्न केले असते तर त्याचे एकही मूल रंगांध झाले नसते. रंगांच्या बाबतीत हे सोसण्याजोगे आहे. रंगांऐवजी हिमोफिलिया धरा आणि तेच गणित पुन्हा करा. उलट, मामाला दोष नसेल तर त्याच्या एक्सवरून मुलीला तो मिळायची भीती नाही, हेही त्याच रकान्यातून कळते. नात्यातले लग्न म्हटले की सरसकट भीती घालणाऱ्यांना आणि सरसकट ‘आमच्यात चालतं’ म्हणणाऱ्यांना, दोघांनाही हे गणित सांगण्यासारखे आहे. आपापल्या घरापुरते उत्तर निघते.

आणि सून. मुलगी झाली की दोष सुनेचा, जरी वाय द्यायचा की एक्स हे नवऱ्याच्या शुक्रपेशीवर ठरते. मुलगा झाला आणि त्यात काही निघाले की पुन्हा दोष सुनेचा, या वेळी ‘विज्ञानानुसार’. मी वर मांडलेले गणित अर्धवट ऐकणारा माणूस ते असेच वापरणार याची मला खात्री आहे, म्हणून तपासणीचा निकाल आईच्या हातात एकटीला न देता आईवडील दोघांना समोर बसवून सांगावा, असे मी आग्रहाने म्हणते. तिला तो एक्स तिच्या आईबापांपैकी एकाकडून मिळाला. त्यात कुणाचा हात नव्हता. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. केंद्राच्या १९९४ च्या कायद्यात लिंगसहलग्न गंभीर आजारांसाठी गर्भतपासणीला ठराविक अटींवर मुभा आहे. ती हिमोफिलियासारख्या आजारांसाठी. रंगांधत्व आजारात मोडत नाही, आणि त्याचे निमित्त करून कुणी सोनोग्राफीच्या खोलीत शिरू पाहील तर तिथे आपल्याच खात्याने दार लावायचे आहे.

रंगदृष्टीच्या तपासणीला पाचवीच का, असे विचाराल. पहिलीत मूल आकडे ओळखत असते पण घाबरते, आणि नववीत कळून उपयोग कमी. पाचवी-सहावीत नकाशे, लिटमस, रंगांचे आलेख सुरू होतात. हिरव्या मैदानापासून तपकिरी डोंगर वेगळा न दिसणाऱ्या मुलाला भूगोलाचे शिक्षक मठ्ठ समजतात. त्याआधी कळले तर शिक्षक फळ्यावर लाल खडूऐवजी पांढरा घेतील, नकाशावर रंगाबरोबर रेघा मारतील. दोन मिनिटांचे काम, भरपूर दिवसाचा उजेड, एक पुस्तिका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघरमधून, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच ठाणे जिल्ह्यातून, सुरू झाला. त्याच्या ३० विकारांच्या यादीत दृष्टिदोष आहे, रंगदृष्टीचे वेगळे नाव नाही. पथके शाळेत येतातच, त्यांच्या पिशवीत एक पुस्तिका वाढेल.

मुलींना वगळू नका. शंभर मुलांत चार रंगांध धरले, तर ढोबळ हिशेबाने दहा हजार मुलींत सोळा. थोड्याच, पण एखादी मुलगी रंगांध निघाली तर तिचे वडील रंगांध असतातच, दुसरी शक्यता जवळपास नाही. ते वडील रिक्षा चालवत असतील, वायरमन असतील. त्यांनाही एकदा बोलावून घेता येईल. त्याच हिशेबाने शंभरात सात-आठ बायका वाहक भरतात. आपल्या मुख्यालयातही असतील.

याचा अर्थ पोरांची दारे बंद करा असा मुळीच नाही. रात्री समुद्रावर समोरच्या जहाजाचा डावा दिवा लाल, उजवा हिरवा, आणि अंधारात दुसरे काहीच दिसत नसते. तिथे नियम कडक आहे तो योग्यच आहे. दिवाळ्याच्या कोळीवाड्यातले कुणीही हे सांगेल. पण २०१५ साली पुण्याच्या एफटीआयआयमध्ये चित्रपट-संपादनासाठी निवडल्या गेलेल्या एका विद्यार्थ्याला रंगांध म्हणून प्रवेश नाकारला, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने संस्थेला सगळे अभ्यासक्रम रंगांधांना खुले करायला सांगितले. २०२० च्या जूनमध्ये केंद्राने सौम्य आणि मध्यम रंगांधत्व असलेल्यांना वाहन परवाना द्यायचे नियम बदलले. सिग्नलला वरचा दिवा कुठला आणि खालचा कुठला हे जागेवरूनही कळते. कुठे नियम हवा आणि कुठे नुसती सवय आहे, हे वेगळे करायला मुलाला आणि त्याच्या पालकांना वेळ मिळाला पाहिजे. आमच्या इमारतीतल्या मुलाला तो मिळाला नाही. त्याला बारावीनंतर पंधरा दिवसांत दुसरे आयुष्य निवडावे लागले.

शेवटी रकान्याचा मजकूर. वैद्यकीय शब्द नकोत, नाहीतर पालक सगळीकडे ‘नाही’ लिहून मोकळे होतात. मी असा सुचवते: ‘मुलाच्या मामांपैकी किंवा आईच्या मामांपैकी कुणाला रंग ओळखताना अडचण, जखमेचे रक्त लवकर न थांबणे, लहानपणी चालणे सुटणे, किंवा औषधाने लघवी काळी होणे, यांतले काही होते का?’ कार्ड वर्गात सर्वांसमोर भरून घेऊ नये, उत्तर ‘हो’ असेल तर ते फक्त शाळेच्या डॉक्टरांनी बघावे. पुढची तपासणी लागली तर परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची एनआयआयएच ही रक्तविकारांवरची संस्था आहे, हिमोफिलियाच्या वाहकांचा शोध घेण्याचे काम तिथे चालते. तिथे कुणाला कधी पाठवायचे याची एक पानी सूचना आपल्या नागरी आरोग्य केंद्रांत लावली तरी पुरे.

पुढच्या शैक्षणिक वर्षाची कार्डे छापायला जाण्याआधी हे झाले तर जूनपासून लागू होईल. शिक्षकांना पुस्तिका कशी धरायची, किती सेकंद दाखवायची आणि ‘एकवीस’ म्हणणाऱ्या पोराला वर्गात काय बोलायचे नाही, हे शिकवायला मी आणि माझ्या ओळखीच्या आणखी काही निवृत्त शिक्षिका विनामोबदला यायला तयार आहोत. शनिवार सकाळ आम्हाला सोयीची.

कळावे.

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका
नेरूळ, नवी मुंबई